शनिवार आणि मंगळवारच्या मधला रस्ता

भाऊ,

तुझ्या तेरवीला मी भांडले. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. पंगत बसली होती, आणि मी मोठ्या बाबांना, आपल्या बाबांच्या सख्ख्या भावाला, सगळ्या गावासमोर म्हटलं की आता माझ्या भावाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पंगत थांबली. वाढणाऱ्या बाईच्या हातातली वरणाची बादली तशीच राहिली. तू असतास तर आधी हसला असतास, मग मला बाजूला नेऊन म्हणाला असतास, "नंदे, लोकायले जेवू द्याचं असते, मंग भांडाचं असते."

नाही जेवू दिलं. का नाही, ते सांगायचं तर गेल्या थंडीतल्या त्या शनिवारपासून सुरुवात करावी लागेल. त्यातलं अर्धं तुला माहीत आहे. उरलेलं अर्धं मला परवा कळलं.

तुला किती गोष्टी बोलून दाखवल्या नाहीत, त्यातली पहिली ही: तुझं ट्रक चालवणं मला कधी आवडलं नाही. बाबांचा हातमाग बंद पडला तेव्हा तू पवनी सोडून नागपूरला गेलास आणि स्टेअरिंग धरलंस. बावीस वर्षं तोच रस्ता. नागपूर, भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, आणि तसंच परत. सरकारनं त्या रस्त्याचा नंबर बदलून त्रेपन्न केला, पण तू शेवटपर्यंत "सहा नंबर"च म्हणालास. राखीला यायचास तेव्हाही तुझ्या तोंडी तोच. "तुले मालूम हाय काय, रायपुरात याले जीई रोड म्हणतात. ग्रेट ईस्टर्न. इंग्रजाच्या वक्ताचा रस्ता होय हा. बैलबंड्या जात होत्या याच्यावरून." मी ओवाळणीचं ताट धरून उभी असायची आणि तू इंग्रजांच्या बैलबंड्या हाकत असायचास.

त्या रस्त्यावर तू बावीस वर्षांत स्वतःसाठी एकदाही थांबला नाहीस. मालकाचा फोन यायचा, कुठं पोचला, किती वेळ लागन. कोणतं गाव कोणत्या वळणावर येतं ते तुला पाठ होतं, पण त्यातल्या एकाही गावात तू पाय ठेवला नव्हतास. रायपूरसुद्धा तू पाहिलं नव्हतंस. हे मला खोटं वाटायचं. तू सांगायचास, "अवं, दिवसाचे ट्रक आत सोडतच नाहीत. बाहेर ट्रान्सपोर्ट नगरात माल उतरवला का वापस. रायपूर मी फक्त पाटीवर पाह्यलं."

मग तुझ्या किडन्या गेल्या. ट्रक सुटला आणि तू पवनीला परत आलास.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिल्या एसटीनं पवनीहून भंडाऱ्याला, चार तास डायलिसिसच्या मशीनवर, दुपारच्या गाडीनं परत. डाव्या हातावर शीर जोडून दिली होती, तिथं बोट ठेवलं की आत घुर्र घुर्र लागायचं. पहिल्यांदा तू माझं बोट धरून तिथं ठेवलंस आणि म्हणालास, "पाय, गाडी चालू हाय." मी हात मागे ओढला. पाणी मापून. मीठ मापून. संत्रं नाही, केळं नाही. रेखावहिनी सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवायची, आणि तू त्या बाटलीकडे असा पाहायचास जसा कोणी तारखेकडे पाहतो. पोटी मूल नाही. त्या घरात तुम्ही दोघं आणि ती बाटली, मला वाटायचं, एवढंच आता राहिलं.

त्या शनिवारी मी सासरहून, कोंढ्याहून आले. माझ्या पिशवीत नवीन तांदूळ होता, नुकताच भरडलेला. अंगणात पाहते तर तुझी जुनी मोटरसायकल बाहेर काढलेली. धुतलेली. चेनला तेल दिलेलं. आणि तू, दुपारीच मशीनवरून उतरून आलेला, फिकट चेहऱ्यानं पायरीवर बसून टायरची हवा पाहत होतास.

"हे काय?"

"रायपूरले जाऊन राहिलो. उद्या सकाळी."

"कोणासंगं?"

"कोणासंगं नाही."

मला वाटलं तू थट्टा करतोस. मग वहिनीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, आणि तिनं मान खाली घातली नाही. तेव्हा कळलं की तिला माहीत आहे.

"तुले मराचं हाय काय, भाऊ?"

"मराचं असतं तं भंडाऱ्यालेच मेलो असतो. तिथं खाट हाय, डॉक्टर हाय, सारी सोय हाय."

"डॉक्टरले विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हणे?"

"नको म्हणे."

"मंग?"

"मंग काय. नको म्हणाचं त्याईचं काम हाय. त्याईनं केलं."

मी तुझा डावा हात धरला. क्लच डाव्या हातात असतो हे मलाही कळत होतं. त्या हातावर साधं घड्याळ बांधायला बंदी, पिशवी उचलायला बंदी, आणि तू त्याच हातानं जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर क्लच दाबणार? गाडी घसरली, शीर फुटली, तर रस्त्यावर कोण धावून येणार? मी हे सगळं ओरडून बोलले. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. तू एकदाही आवाज चढवला नाहीस.

"नंदे, ऐक. मशीन मले शनिवारी सोडते आणि मंगळवारी धरते. मधातले दोन दिवस माहे हायत. बाकी सारे तिचेच."

"अन् आमचं काय?"

तू पुन्हा टायरकडे वळलास. आणि मी ते वाक्य बोलले. ते परत लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. "गेलास तं मले काही सांगू नको. पोचलो म्हून नाही, पडलो म्हूनही नाही. मले काहीच ऐकाचं नाही."

तू टायरचं टोपण फिरवून घट्ट केलंस. मग म्हणालास, "बरं."

तांदळाची पिशवी ओट्यावर ठेवून मी शेवटच्या बसनं कोंढ्याला परत गेले.

रविवारचा दिवस तुला माहीत नाही. तू तुझ्या गाडीवर होतास, मी माझ्या अंगणात. ऐकायचं नाही म्हणणारी मी सकाळी सातपासून दर अर्ध्या तासानं वहिनीला फोन करत होते. भंडारा आलं. वैनगंगेच्या जुन्या पुलाशी थांबून चार मिनिटं नदी पाहिली म्हणे. लाखनी आलं. उड्डाणपुलावरून न जाता तू मुद्दाम खालून गेलास, जुन्या रस्त्यानं, बाजारातून. साकोलीतही तसंच. तिथं उसळ पाहिली आणि खाल्ली नाहीस. वहिनी हे सगळं मला सांगत होती आणि तिच्या आवाजात मला हसू ऐकू येत होतं. मला त्याचा राग येत होता.

मग देवरी आलं. आणि देवरीनंतर काही आलंच नाही.

साडेअकरा, बारा, एक. फोन लागेना. त्यापुढं जंगल आहे, घाट आहे, राज्याची सीमा आहे. मी अंगणवाडीची रजिस्टरं पुढं घेऊन बसले आणि एक ओळ लिहिली नाही. दीड वाजता मी वहिनीवर तुटून पडले. "तुमीच त्याले जाऊ देल्लं. डबा भरून देल्ला. बायको होय का कोण होय तुमी?"

तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "नंदाबाई, मी त्याईले रोज मापानं पाणी देते. मापानं मीठ देते. एक दिवस बिनमापाचा देल्ला. माह्या हातानं देल्ला. काही झालं तं माह्या माथी."

तीन वाजता तुझा फोन तिला आला. बोलणं एवढंच की बरा हाय, पुढं निघालो. कुठं होतास, का लागत नव्हता, काही नाही. आणि सहाच्या सुमारास माझा फोन वाजला. तुझं नाव. मी उचलला. मागं गाड्यांचा गोंगाट, आणि तू इतक्या मोकळ्या आवाजात, जसा लग्नाआधी बोलायचास, म्हणालास, "नंदे! पोचलो!"

मी फोन कापला.

सोमवारी तू परत आलास. वहिनीनं कळवलं. मी "बरं" म्हटलं.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. मंगळवारी मी भंडाऱ्याला आले होते. घरी सांगितलं, अंगणवाडीची मीटिंग आहे. मीटिंग नव्हती. तुझ्या वॉर्डाच्या दाराला वरती काच आहे, तिच्यातून पाहत उभी राहिले. तू वजनकाट्यावर उभा होतास. शनिवार ते मंगळवार तुझ्या अंगात किती पाणी साठलं ते मशीनवर घेण्याआधी मोजतात, एवढं मला वहिनीमुळे ठाऊक होतं. काट्याजवळच्या त्या मुलीनं आकडा पाहिला, कागद पाहिला, पुन्हा आकडा पाहिला.

"काका, या खेपेला कमी वाढलं. काय केलं?"

"हिंडून आलो," तू म्हणालास.

तिला वाटलं असेल तू पवनीत हिंडलास. ती हसली, आणि तू चादर सारखी करून खाटेवर आडवा झालास. उन्हानं काळा पडला होतास. ओठ फुटले होते. मी तुला इतकं बरं दिसताना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. दार ढकलून आत यायला हवं होतं. मी जिना उतरले आणि बसस्टँडवर जाऊन रडले. मला तेव्हाच कळलं होतं की मी चुकले, आणि ते तुझ्यापाशी कबूल करायला माझ्याजवळ आठ महिने होते. आठ महिने, भाऊ! मी पंधरा दिवसांनी यायची, भाजी आणायची, वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी करायची. एकदोनदा तू सुरुवात केलीस. "देवरीच्या पुढं ना नंदे..." मी चहाचे कप उचलून आत गेले. मग तूही सोडून दिलंस.

पोळ्याच्या आठवड्यात तू गेलास. घरी, सकाळी, आपल्या खाटेवर. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात हृदय थकतं. रस्त्यानं तुला हात लावला नाही. हे मी इथं लिहून ठेवते, कारण तिरडी उचलायच्या आधीच आपल्या माणसांनी वेगळं ठरवून टाकलं होतं. "त्या गाडीनंच नेलं." "घरी उगीमुगी राह्यला असता तं दोन-चार वर्सं निघाले असते." दहा दिवस जो येई तो हे बोलून जाई. वहिनी ऐकून घेई. मीही ऐकून घेत होते, कारण हे बोलणं कुठून निघालं ते मला चांगलं ठाऊक होतं. पहिल्यांदा ते मीच बोलले होते, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

तेरवीच्या दिवशी पंगत बसली आणि फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. साठीच्या पुढची. काळी, सुकलेली, हातावर गोंदण. खांद्याला कापडी पिशवी. तिनं हिंदीत विचारलं, ड्रायव्हर बाबूचं घर हेच का. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मोठे बाबा पंगतीच्या टोकाला बसले होते, ते मोठ्यानंच म्हणाले, "कोण होय वं हे? डायवर लोकायच्या रस्त्यावरच्या वळखी राहातात बाप्पा. आता समजलं, तब्येत अशी असून हा काहून पळत होता तिकडे." दोघं-तिघं हसले.

मला त्या बाईबद्दल काही माहीत नव्हतं, भाऊ. खरंच काही नाही. ती कोण आहे, तुझी काय लागते, मोठे बाबा म्हणतात ते खरं आहे की काय, काही ठाऊक नव्हतं. मी तरीही उठले.

"मोठे बाबा, बस करा."

"मी काय खोटं बोललो काय?"

"माह्या भावानं बावीस वर्सं दुसऱ्याचा माल वाहून तुमच्या दोन पोरीच्या लग्नाले ट्रकभर सामान फुकटात आणून देल्लं. तवा त्याचा रस्ता वाईट नव्हता. दोन दिवस तो सोतासाठी गेला तं वाईट झाला? तो गाडीनं नाही मेला. आजारानं मेला. गाडीवर तं तो जगला. आता त्याच्याबद्दल एक शब्द नाही पाह्यजे या मांडवात."

"नंदा, वडील माणसाले..."

"ज्याले जेवाचं हाय त्यानं जेवावं. ज्याले बोलाचं हाय त्यानं उठावं."

कोणी उठलं नाही. मोठे बाबा ताटात पाहत राहिले. आणि रेखावहिनी, तेरा दिवस कोणाला उलटून शब्द न बोललेली वहिनी, आतून आली, सरळ फाटकापर्यंत गेली आणि त्या बाईचा हात धरून म्हणाली, "आओ फुलबाई. मुझे मालूम था तुम आओगी."

आतल्या खोलीत बसून तिनं जे सांगितलं ते तू मला सांगणार होतास. ते मी तिच्या तोंडून ऐकलं.

सीमेवर पूर्वी तपासणीचा नाका होता, ट्रकांची मैलभर रांग लागायची. फुलबाई किटली आणि ग्लास घेऊन रांगेनं चहा विकायची, आणि तू तो खिडकीतूनच घ्यायचास, कारण रांग कधी सरकेल याचा नेम नसायचा. बारा वर्षं. त्या बारा वर्षांत तिनं तुला कोपरापासून वरतीच पाहिलं होतं. मग एका दिवशी ग्लास देताना ती म्हणाली, "ड्राइवर बाबू, मुँह सूजा है तुम्हारा. पाँव दिखाओ." तिचा नवरा याच आजारानं गेला होता. सूज तिला ओळखू येत होती. आम्हाला, तुझ्या घरच्यांना, कोणालाही ती दिसली नव्हती. तू राखीला आलास तेव्हा मी म्हटलं होतं, अंग धरलंस रे!

आणि तू काय केलंस? तिच्यावर ओरडलास. "चाय बेचती है, चाय बेच. डॉक्टरी मत कर." आणि ग्लास रस्त्यावर आपटून फोडलास. पुढं नाका उठला, तुझं ट्रक चालवणं सुटलं, आणि ती बाई बरोबर होती हे तुला भंडाऱ्याच्या त्या खाटेवर कळलं.

"वो दिन मैं झाड़ू मार रही थी," फुलबाई म्हणाली. "एक आदमी गाड़ी से उतरा. मैं पहचानी नहीं. फिर मुँह देखा. मैं बोली, अरे, तू तो कितना लंबा है!" हे सांगताना ती हसली आणि डोळ्यांना पदर लावला. तू पिशवीतून काचेचे सहा ग्लास काढलेस, बाबांच्या मागावरच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेले, आणि तिच्यासमोर ठेवलेस. पवनीपासून तिथवर, त्या रस्त्यानं, त्या गाडीवर, एकही न तडकता. मग तिच्या पाया पडलास. मला मारून टाकलं तरी मी हे खरं मानलं नसतं. तू बाबांच्याही पाया पडताना कंटाळा करायचास.

तिनं तुला निजवलं. घाट चढून आलेला, थकलेला, घामेजलेला. तीन तास तू तिच्या दुकानामागच्या सावलीत झोपलास आणि ती माशा वारत बसली. त्या तीन तासांत मी कोंढ्यात तुला चार वेगवेगळ्या पद्धतींनी मारलं होतं. उठल्यावर तिनं तुला चार घोट चहा दिला. तुला किती चालतो हे तिला विचारावं लागलं नाही.

तू तिला विचारलंस, पुढं जाऊ की परत फिरू?

"मैंने अपने आदमी को घर से निकलने नहीं दिया था," ती आम्हाला म्हणाली. "डर से. चार महीने वो छप्पर देखता रहा. मैं इसको बोली, तू जा. देख के आ. लौटते समय मुँह दिखा के जाना."

सोमवारी परतताना तू तिला तोंड दाखवून गेलास. रायपुरात काय पाहिलं असं तिनं विचारलं, तर म्हणालास, जयस्तंभ चौकात एक तास बसलो. मागून कोणी हॉर्न मारला नाही. त्यानंतर दर मंगळवारी ती तुला फोन करायची, वजन किती वाढलं विचारायला. गेल्या मंगळवारी फोन वहिनीनं उचलला.

मी वहिनीकडे वळले. "तुमाले सारं मालूम होतं. मले काहून नाही सांगतलं?"

"ते म्हणत, नंदानं नको म्हटलं. तिनं इचारलं का सांगतो."

इथं मी तुझ्यावर चिडले, आणि अजून चिडलेली आहे. जन्मभर तू माझं एक ऐकलं नाहीस. झाडावर चढू नको म्हटलं, चढलास. पुरात पोहू नको म्हटलं, पोहलास. बिडी सोड म्हटलं, दहा वर्षं घेतलीस. आणि एकच गोष्ट, जी मी रागात बोलले, जी मोडायलाच हवी होती, ती तू शब्दाला शब्द पाळलीस? कपाचा ट्रे हातातून घ्यायचा होतास. म्हणायचं होतंस, बस खाली आणि ऐक. मी ऐकलं असतं. कदाचित नसतं ऐकलं. पण तू माझ्यावर ओरडायचा हक्क एका चहावालीवर खर्च केलास आणि माझ्यासाठी शिल्लक ठेवला नाहीस, याबद्दल मी तुला माफ करणार नाही. लोक मला सांगतात, मन शांत ठेव, त्याच्या आत्म्याला त्रास होतो. होऊ दे.

आणि तरीही, भाऊ, ते सहा ग्लास. मला माझ्या भावाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलबाई निघाली. मी म्हटलं, साकोलीपर्यंत सोडून देते. साकोलीला देवरीची गाडी लागली, तीत मीही चढले. देवरीहून एका जीपमध्ये बसून तिचं दुकान. नाका नाही, रांग नाही, दिवसाला दहा-बारा गिऱ्हाईकं. तिनं मला चहा दिला तेव्हा यांचा फोन आला. तुझ्या भावजीचा.

"कुठी हायस? दुपारी येतो म्हणत होती."

"बॉर्डरवर."

"कोणत्या बॉर्डरवर? बरं, किती वाजता निघतं?"

मी रस्त्याकडे पाहिलं. एक लाल बस घाटाकडून येत होती, पाटीवर रायपूर लिहिलेलं. फुलबाईनं माझ्या हातातून रिकामा ग्लास घेतला. मग रस्त्यावर जाऊन बसला हात दाखवला.

"आज नाही येत," मी म्हटलं. "रायपूरले जाऊन राहिली."

"रायपूरले? कोणासंगं?"

"एकटी."

"अवं, पण काम काय हाय तिथं?"

"काही काम नाही."

ते काहीतरी बोलत होते. बस थांबली होती. मी म्हटलं, "उद्या येते. भात मांडता येते तुमाले," आणि चढले.

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी पहिल्यांदा कोणाला न विचारता राज्याबाहेर गेले. खिडकीशी बसून रस्ता पाहिला. तुझा सहा नंबर आता चांगलाच रुंद झाला आहे. राजनांदगावच्या अलीकडे कुठंतरी जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाजूला सुटलेला दिसला, दोन्हीकडं मोठाली झाडं, मधून एक बाई शेळ्या नेत होती. तूही तो पाहिला असशील. तू तिथं उतरला असशील. बस थांबली नाही.

आणि रायपूर मला आवडलं नाही. हे तुला सांगायचंच आहे. धूर, गर्दी, तीच कपड्यांची दुकानं, जी नागपूरला आहेत. ह्यासाठी पाचशे किलोमीटर? तू म्हणाला असतास, नंदे, तुले पाहाताच येत नाही. मी म्हटलं असतं, पाहण्यासारखं असलं तर पाहू. आपलं हे भांडण पुढची वीस वर्षं चाललं असतं, दर राखीला, ताट हातात धरून.

जयस्तंभ चौकात एका दुकानाच्या पायरीवर बसले. पिशवी मांडीवर. बराच वेळ झाला असेल, कारण दुकानदार बाहेर आला. बरा माणूस होता. वाकून म्हणाला, "बहनजी, किसी का इंतज़ार कर रही हैं क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "बैठी हूँ."

तो आत गेला. मी बसून राहिले.